वीतभर कांडीवर वळणाचा भार

गतिरोधकावरून गाडी उतरताना पुढच्या चाकाजवळून ‘खट्’ असा आवाज येऊ लागला की बहुतेक मोटारमालकांच्या मनात पहिली शंका येते ती शॉकॲब्सॉर्बरची. प्रत्यक्षात अनेकदा दोषी असते ती त्याच्या शेजारी उभी असलेली एक किरकोळ दिसणारी कांडी. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये तिला ‘लिंक रॉड’ म्हणतात, अमेरिकेत ‘एंडलिंक’. लांबी बहुधा वीतभर किंवा त्याहून थोडी अधिक, जाडी करंगळीएवढी. पण वळणावर कलणाऱ्या गाडीला सावरणारा सारा जोर या कांडीतूनच चाकापर्यंत पोहोचतो. मोटारस्पर्धांचा छंद जोपासणारे अनेक जण ही कांडी बाजारातून न आणता स्वतःच अधिक दणकट घडवतात. ती घडवणे फारसे कठीण नाही. मात्र दणकट म्हणजे केवळ जाड, असा समज करून घेतला तर ती धोक्याची ठरू शकते.

कलण्याला आवर

गाडी वेगाने वळते तेव्हा तिचा वरचा भाग वळणाच्या बाहेरच्या बाजूला झुकतो. बाहेरच्या चाकांवरील स्प्रिंग दबतात, आतल्या बाजूच्या सैल होतात. हे झुकणे कमी करण्यासाठी स्प्रिंग कडक करता येतील, पण मग सरळ रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा प्रवाशाच्या पाठीला जाणवेल. यावरचा तोडगा म्हणजे ‘अँटी-रोल बार’. गॅरेजमधल्या बोलीत स्टॅबिलायझर, अमेरिकन बोलीत ‘स्वे बार’. कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात फ्रेडरिक्टन येथे राहणाऱ्या स्टीफन कोलमन यांना १९१९ साली या कल्पनेचे पेटंट मिळाले होते.

हा म्हणजे ‘यू’ अक्षराच्या आकाराचा पोलादी दांडा. त्याचा मधला सरळ भाग रबरी बुशांमध्ये धरून गाडीच्या सांगाड्याला बसवलेला असतो आणि त्याची दोन टोके डाव्या-उजव्या चाकांच्या यंत्रणेला जोडलेली असतात. दोन्ही चाके एकाच वेळी वर उचलली गेली, तर दांडा बुशांमध्ये नुसता फिरतो. कोणताही विरोध करीत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले, की मात्र दांड्याला पीळ बसतो. तो पीळ सोडवण्याच्या धडपडीत दांडा गाडीला पुन्हा समतल आणू पाहतो. सरळ रस्त्यावरचा आराम कायम ठेवून वळणावरचे कलणे तेवढे रोखायचे, ही किमया अशी साधते.

दांड्याचे टोक आणि चाकाची यंत्रणा यांना जोडणारा दुवा म्हणजे लिंक रॉड. काही छोट्या मोटारींत दांडा थेट खालच्या आर्मला जोडलेला असतो, तेथे वेगळी लिंक नसते. बाकीच्या गाड्यांत तिचे दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात. जुन्या पद्धतीत एक लांब बोल्ट, त्यावर नळी आणि दोन्ही टोकांना चकत्यांमध्ये दाबलेले रबरी बुश. नव्या पद्धतीत एक बारीक सळई आणि तिच्या दोन्ही टोकांना रबरी टोपणाखाली झाकलेले छोटे बॉल जॉइंट. टोपण फाटले, पाणी आणि माती आत शिरली, वंगण संपले, की जॉइंट ढिला होतो आणि तो परिचित ‘खट्’ आवाज सुरू होतो. खड्ड्यांच्या रस्त्यांवर हे लवकर घडावे, यात नवल नाही.

दणकटपणाची गरज कशी निर्माण झाली?

कंपनीने दिलेली लिंक कंपनीने दिलेल्या दांड्यासाठी पुरेशी असते. अडचण सुरू होते ती दांडा बदलल्यावर. अमेरिकेत मोकळ्या मैदानावर शंकू मांडून घेतल्या जाणाऱ्या ऑटोक्रॉस स्पर्धा लोकप्रिय आहेत. १९४४ साली स्थापन झालेली एससीसीए ही संस्था ‘सोलो’ या नावाने त्या भरवते. रस्त्यावरच्या साध्या गाड्यांसाठी असलेल्या तिच्या गटात फारसे बदल चालत नाहीत. पण पुढचा किंवा मागचा यांपैकी एक अँटी-रोल बार बदलण्याची मुभा असते. साहजिकच स्पर्धक जाड दांडा बसवतात.

येथे एक गणित लक्षात घ्यायला हवे. भरीव दांड्याचा पिळाला होणारा विरोध त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो. २० मिमीऐवजी २४ मिमीचा दांडा बसवला, तर जाडी वाढते २० टक्के, विरोध मात्र दुपटीहून किंचित अधिक होतो. आणि तो सारा वाढीव जोर त्याच जुन्या लिंकमधून जातो.

उदाहरणादाखल २२ मिमी व्यासाचा दांडा घेऊ. मधला भाग एक मीटर, बाजूचे हात प्रत्येकी २५ सेंटिमीटर. वळणावर त्याचे एक टोक ३ सेंटिमीटर वर आणि दुसरे तितकेच खाली गेले, तर प्रत्येक लिंकवर सुमारे १७५ किलोचा जोर येतो. त्याच मापांचा २६ मिमीचा दांडा बसवला, तर हा आकडा ३५० किलोच्या घरात जातो. दांड्याचे हात स्वतःही थोडे वाकतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी असेल. पण खड्ड्यात चाक आदळल्याचा झटका यात धरलेला नाही. २००२ च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्समध्ये प्लास्टिकच्या लिंक होत्या. साध्या वापरात त्या टिकत. जाड दांडा लावणारे शौकीन मात्र त्यांच्या जागी धातूच्या लिंक बसवू लागले.

कांडी तुटते ती कशामुळे?

लिंकचे काम केवळ ओढणे आणि ढकलणे. या कामात पोलाद फार समर्थ आहे. १०.९ या प्रतीच्या १० मिमी बोल्टाच्या आट्यांच्या भागाचे परिणामी क्षेत्रफळ सुमारे ५८ चौरस मिमी भरते आणि तो तुटायला साधारण पावणेसहा टनांचा ताण लागतो. ३५० किलो त्यापुढे काहीच नाही. तरीही लिंक तुटतात. त्या ताणाने नव्हे, तर वाकण्याने.

कांडीला जोडणारा बोल्ट बहुतेक गाड्यांत एकाच बाजूने पकडलेला असतो. जोर लागतो तो पकडीपासून काही अंतरावर, जॉइंटच्या मध्यभागी. हे अंतर २० मिमी असेल आणि बोल्ट ढिला राहिला असेल, तर ३५० किलोच्या जोराने १० मिमी बोल्टाच्या आट्यांच्या खाचेत दर चौरस मिमीमागे सुमारे १३० किलोचा ताण निर्माण होतो. १०.९ प्रतीचे पोलाद साधारण ९० किलोच्या पुढे कायमचे वाकू लागते. तेच अंतर १२ मिमीवर आणले, तर ताण ७८ किलोच्या आसपास येतो. २० मिमी अंतर कायम ठेवून १२ मिमीचा बोल्ट वापरला, तरी तो ७५ किलोपर्यंत उतरतो. बोल्ट योग्य जोराने आवळलेला असेल, तर मधली नळी आणि पकडपट्टी हा भार वाटून घेतात आणि बोल्टावरचा ताण पुष्कळ हलका होतो.

दणकट लिंक घडवण्याचे सारे मर्म या आकड्यांत आहे. कांडी जाड करण्यापेक्षा जॉइंट पकडीच्या जवळ आणणे, बोल्ट नीट आवळणे आणि कांडीला कोठेही वाकण्याची पाळी येऊ न देणे महत्त्वाचे.

सामग्री कोणती?

घरगुती लिंकचा मुख्य घटक म्हणजे ‘रॉड एंड’. कडीसारखे डोके, त्यात भोक असलेला पोलादी गोळा आणि खाली आट्यांची दांडी. गोळा कडीत सर्व बाजूंनी काही अंशांपर्यंत झुकू शकतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या नियंत्रणयंत्रणेत वापरला गेलेला हा सांधा पुढे उत्पादकांच्या नावांवरून अमेरिकेत ‘हाइम जॉइंट’ आणि ब्रिटनमध्ये ‘रोझ जॉइंट’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

एका आसासाठी दोन लिंक, म्हणजे चार रॉड एंड लागतात. त्यांपैकी दोन साध्या आट्यांचे आणि दोन उलट्या आट्यांचे घ्यावेत. प्रत्येक कांडीच्या एका टोकाला साधे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे असले, की लिंक गाडीवर बसलेली असतानाच मधली कांडी पान्याने फिरवून लांबी कमी-जास्त करता येते. रॉड एंड नामांकित बेअरिंग उत्पादकाचे, भारक्षमता जाहीर केलेले असावेत. भोक १० मिमीचे, पण दांडी १२ मिमीची, असेही प्रकार मिळतात. गाडीच्या पकडपट्टीला १० मिमीचे भोक असेल, तर तेच घ्यावेत. पट्टीचे भोक मोठे करण्याचा मोह टाळावा. त्याने पट्टीच दुबळी होते.

मधल्या कांडीसाठी २२ मिमीचा षटकोनी पोलादी बार सोयीचा. आपल्याकडच्या लेथ वर्कशॉपमध्ये सहज मिळणारे ‘ईएन-८’ पोलाद या कामाला पुरेसे आहे. षटकोनी आकारामुळे पाना थेट लागतो आणि १२ मिमीचे भोक पाडूनही सर्व बाजूंनी निदान ५ मिमी धातू शिल्लक राहतो. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळणारा आट्यांचा रॉड मात्र येथे वापरू नये. तो बहुधा कमी प्रतीच्या पोलादाचा असतो आणि त्याच्या लांबीभर आट्यांच्या खाचा असल्याने तडा जायला जागाच जागा मिळते.

याखेरीज १०.९ प्रतीचे बोल्ट, नायलॉनची कडी असलेले नट, प्रत्येक रॉड एंडला एक चेकनट, गोळ्याच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या शंकूच्या आकाराच्या नळ्या आणि मोठ्या चकत्या. शंकूच्या नळ्यांमुळे कडी पट्टीला न घासता अधिक झुकू शकते. त्यांच्याशिवाय हा वाव बहुधा दहा-पंधरा अंशांचाच असतो. मोठी चकती बोल्टाच्या मोकळ्या टोकाकडे, नटाखाली घालतात. तिचा व्यास कडीच्या भोकापेक्षा मोठा हवा. गोळा झिजून कडीतून निसटलाच, तरी या चकतीमुळे लिंक गळून पडत नाही.

लांबीचे गणित

जुन्या लिंकची लांबी तशीच उचलण्यापेक्षा ती गाडीवर मोजावी. गाडी सपाट जागी, चारही चाकांवर उभी हवी आणि चालकाच्या आसनावर त्याच्या वजनाइतका भार हवा. या स्थितीत दांड्याचा हात शक्यतो आडवा आणि लिंक त्याच्याशी काटकोनात असावी. काटकोन बिघडला, की जोराचा काही भाग लिंकला आडवा ढकलण्यात वाया जातो. गाडीची उंची कमी केली असेल, तर लिंकही त्या प्रमाणात बदलावी लागते.

दोन्ही भोकांच्या मध्यांमधले अंतर मोजले, की त्यातून दोन रॉड एंडच्या डोक्यांची आणि चेकनटांची लांबी वजा करून कांडीची लांबी निघते. दोन्ही बाजूंना जुळवणीसाठी काही मिलिमीटर वाव ठेवावा. मात्र रॉड एंडची दांडी कांडीत तिच्या व्यासाच्या दीडपट, म्हणजे १२ मिमीसाठी किमान १८ मिमी शिरलेलीच हवी. त्यासाठी कांडीच्या दोन्ही टोकांपासून १८ मिमीवर एक बारीक आडवे छिद्र पाडून ठेवतात. छिद्रातून आटे दिसले नाहीत, तर दांडी पुरेशी आत नाही, हे लगेच कळते.

लेथवरून गाडीवर

कांडी कापून तिची टोके लेथवर सपाट करून घ्यावीत. १२ मिमीच्या पावणेदोन मिमी अंतराच्या आट्यांसाठी १०.२ मिमीचे भोक पाडावे. ते बरोबर मध्यावर असणे अत्यावश्यक. म्हणूनच हातड्रिलवर विसंबू नये. मग एका टोकाला साध्या, दुसऱ्या टोकाला उलट्या टॅपने आटे पाडावेत. उलट्या आट्यांच्या टोकाला कानशीने खूण करावी, म्हणजे पुढे गोंधळ होत नाही. गंज टाळण्यासाठी रंग किंवा जस्ताचा मुलामा द्यावा.

वेल्डिंग शक्यतो टाळावे. नळीला नट वेल्ड करून लिंक बनवण्याची पद्धत प्रचलित आहे, पण तिची भिस्त पूर्णपणे वेल्डरच्या कसबावर असते. उच्च प्रतीच्या बोल्टाला वा नटाला वेल्डिंगची आच लागली, की त्याचे पाणी उतरते आणि त्यावरचा आकडा निरर्थक ठरतो. जस्ताचा मुलामा असलेल्या भागाला वेल्ड करताना निघणारा धूर आरोग्यालाही अपायकारक असतो.

जुनी लिंक काढताना आसाची दोन्ही चाके एकदम उचलावीत. एकच चाक जॅकवर घेतले, तर दांड्याला पीळ बसलेला राहतो आणि शेवटचा आटा सुटताच लिंक उसळते. न उचललेल्या चाकांना ठोकळे लावावेत आणि गाडी घोड्यांवर टेकवल्याशिवाय तिच्याखाली जाऊ नये. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

नवी जोडणी दोन टप्प्यांत करावी. पहिली लिंक मोजलेल्या लांबीवर पूर्ण बसवावी. मग गाडी पुन्हा चाकांवर उभी करून, चालकाच्या जागी भार ठेवून, दुसऱ्या लिंकची कांडी फिरवत राहावी. बोल्ट केवळ बोटांच्या जोराने भोकात सरकला, की लांबी जुळली. जोर लावून बसवली, तर दांड्याला आधीच पीळ बसतो, डाव्या-उजव्या चाकांवरचा भार विषम होतो आणि गाडी दोन्ही बाजूंच्या वळणांवर वेगवेगळी वागते. लांबी जुळल्यावर चेकनट आवळावेत. ते आवळताना दोन्ही टोकांच्या कड्या एकमेकींच्या संदर्भात अशा ठेवाव्यात, की कांडी आपल्या आसाभोवती दोन्हीकडे सारखी फिरू शकेल. मुख्य बोल्ट गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोरानुसार टॉर्क रेंचने आवळावेत. शेवटी चाक पूर्ण लोंबकळलेले आणि पूर्ण दबलेले अशा दोन्ही स्थितींत, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून, लिंक ब्रेकच्या होजला, टायरला किंवा ॲक्सलच्या रबरी टोपणाला लागत नाही, याची खात्री करावी.

धूळ, पाऊस आणि आवाज

स्वतः केलेल्या लिंकला किंमत मोजावी लागते ती देखभालीत. कंपनीचा बॉल जॉइंट टोपणाखाली बंदिस्त असतो. रॉड एंड उघडा. पावसाळ्यातला चिखल आणि उन्हाळ्यातली धूळ थेट गोळ्यावर बसते. त्यासाठी रबरी टोपणे मिळतात, ती जरूर लावावीत. पोलादावर पोलाद घासणाऱ्या रॉड एंडला ग्रीस लागते; आत टेफ्लॉनचे अस्तर असलेल्याला मात्र ते लावू नये, कारण ग्रीसला चिकटलेली धूळ अस्तर खाऊन टाकते. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सर्व नट तपासावेत आणि पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगला गोळ्यातली ढिलाई हाताने हलवून पाहावी. रबर नसल्याने रस्त्याचे बारीक आवाज आत अधिक ऐकू येतात, हेही गृहीत धरावे. रोज कार्यालयात जाण्यासाठीच गाडी वापरणाऱ्याला कंपनीची नवी लिंकच अधिक सुखाची.

आणखी एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. साखळीतला दुबळा दुवा बळकट केला, की दुबळेपणा पुढच्या दुव्याकडे सरकतो. लिंक तुटेनाशी झाली, की तोच जोर दांड्याच्या बुशांवर, त्यांच्या पकडपट्ट्यांवर आणि त्या जेथे बसतात त्या पत्र्यावर येतो. तुटलेली लिंक अर्ध्या तासात बदलता येते. फाटलेला पत्रा नव्हे. म्हणून लिंकबरोबर पकडपट्ट्यांचीही तपासणी व्हायला हवी. शिवाय केवळ मागचा दांडा फार कडक केला, तर ओल्या वळणावर गाडीची मागची बाजू अचानक घसरू शकते. पावसाळ्यात घाट चढणाऱ्याला हे परवडणारे नाही.

कायद्याची चौकट

भारतात या छंदाला कायद्याची मर्यादा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात याच भूमिकेचा पुनरुच्चार केला. लिंकसारखा सुटा भाग नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला नसतो हे खरे. पण अपघातानंतर विमा कंपनीशी वाद उद्भवला, तर घरी बनवलेला भाग मालकाच्या अंगाशी येऊ शकतो. रस्त्यावरच्या गाडीत असा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी यांच्याकडे लेखी विचारणा करणे शहाणपणाचे.

या कौशल्याला आपल्याकडे रास्त वाव आहे तो बंदिस्त मैदानांवरील स्पर्धांत. २००७ साली सुरू झालेल्या ‘बाहा’ या विद्यार्थी स्पर्धेसाठी महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ स्वतः गाड्या बांधत आले आहेत. तेथे अशाच रॉड एंडवर, अशाच आट्यांवर आणि अशाच आकडेमोडीवर गाडीचे यशापयश ठरते.

लेथवर दोन लिंक घडवायला एखादी दुपार पुरते. खरा वेळ जातो तो मोजमापात, जुळवणीत आणि नंतरच्या तपासणीत. आणि तो जायलाच हवा. चालत्या गाडीत लिंक तुटली, तर दांडा त्याच क्षणी निकामी होतो, गाडी एकाएकी अधिक कलते आणि सुटे टोक टायरला वा ब्रेकच्या होजला जाऊन भिडू शकते. ज्याला एवढी दक्षता घेणे शक्य नाही, त्याने कंपनीची लिंक आणून बसवावी, यात कोणताही कमीपणा नाही. आणि ज्याला स्वतः काहीही घडवायचे नाही, त्यानेही गतिरोधकावरची ती ‘खट्’ ऐकू आल्यावर गॅरेजमध्ये एवढे जरूर विचारावे, ‘लिंक रॉड पाहिली का?’